कोकण किनाऱ्यावरचं उन्हाळी शिबिर: पहिल्यांदा येणाऱ्या ताई-दादांसाठी

शिबिराला पहिल्यांदाच ताई किंवा दादा म्हणून येणारी पोरं-पोरी सोबत खेळांची भलीमोठी यादी आणतात. यादी असू द्या, कधीतरी उपयोगी पडते. पण दापोली-गुहागरच्या पट्ट्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चाळीस मुलं घेऊन राहायचं असेल, तर आधी हातात घ्यायचं ते कालनिर्णय. इथला दिवस समुद्र ठरवतो. आपण त्यात जेवणं, झोपा आणि खेळ बसवायचे. पुढचं सगळं आठ ते चौदा वर्षांच्या मुलांचं आठवडाभराचं निवासी शिबिर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय.

तारखा ठरवणं तुमच्या हातात असेल तर एप्रिलचा शेवट ते मेचा दुसरा आठवडा हा काळ धरा. शाळा सुटलेल्या असतात, आंबा हाताशी आलेला असतो आणि समुद्र अजून बरा असतो. मेच्या मध्यापासून लाटांचा नूर बदलतो. 2021 साली तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच या किनाऱ्याला घासून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माझ्या मते 20 मेला शिबिराची भांडी घासून, मोजून ठेवलेली असावीत.

आधी तिथी, मग वेळापत्रक

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारला पूर्ण भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पूर्ण ओहोटी भरतीपासून साधारण सव्वासहा तासांवर धरा, म्हणजे षष्ठीला सकाळी पावणेअकराच्या सुमाराला. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. गावागणिक वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, म्हणून पहिल्या दिवशी बंदरावर जाऊन एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारा आणि तुमच्या हिशोबात किती मिनिटं घालायची की काढायची ते पक्कं करा. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, तेही बघा. पण पाऊणपटीचा हिशोब मुलांकडून करून घ्या. तिसऱ्या दिवसापासून तीच तुम्हाला सांगायला लागतात, ‘ताई, आज सव्वापाचाची भरती’.

आता दोन नियम लक्षात ठेवा. पाण्यात खेळायचं ते भरती चढत असताना, पूर्ण भरतीच्या आधीचा तास-दीड तास. खडकांवर फिरायचं ते पूर्ण ओहोटीच्या आधीच्या तासात, आणि पाणी परतायच्या आत माघारी. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मधे बसवा. षष्ठीचा दिवस झकास जातो: साडेनऊला खडक, मग जेवण, दुपारची झोप, सव्वातीनला पाणी. एकादशीला उलटं असतं. भरती सव्वाआठला, म्हणून सात वाजता पाण्यात आणि न्याहारी त्यानंतर. त्या दिवशी ओहोटी अडीचच्या सुमाराला, भर उन्हात, म्हणून खडक रद्द. रद्द करायची तयारी ठेवा. ‘वेळापत्रकात लिहिलंय’ हे कारण समुद्राला सांगता येत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप आत येतं आणि तितकंच दूर जातं. पाण्यात खेळायला हे दिवस वाईट. पहाटे खडकांवर जायला मात्र याहून चांगले दिवस नाहीत, कारण एरवी पाण्याखाली असणारा भाग तेव्हा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा पाणी संथपणे येतं-जातं. लहान मुलांचं शिबिर असेल तर सप्तमी ते दशमी मधे पडेल असा आठवडा निवडावा.

मुलं यायच्या आधी

जागा रात्री बघा. दिवसा सगळीच घरं छान दिसतात. संडास किती, त्यांच्यापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का, विहिरीला कठडा आणि झाकण आहे का, पडवीत किती अंथरुणं मावतात, हे रात्री कळतं. कोकणात पाऊस बदाबदा पडतो, पण जांभ्याचा कातळ पाणी धरत नाही, त्यामुळे मेमध्ये विहिरी तळाला जातात. घरमालकाला आधीच विचारा: चाळीस मुलांना रोज किती पाणी मिळेल? उत्तर ऐकून अंघोळीचा नियम ठरवा. समुद्रावरून आल्यावर एक बादली गोडं पाणी, बस्स.

पालकांकडून फॉर्मवर चार गोष्टी लिहून घ्या: रोजची औषधं, कशाची ॲलर्जी, पोहता येतं का, आणि शेवटच्या दिवशी मुलाला कोण न्यायला येणार. ‘पोहता येतं’ याचा अर्थ बहुतेक वेळा क्लबच्या तलावात पोहता येतं एवढाच असतो. समुद्रात त्या मुलालाही न पोहणारा समजा. फॉर्मवर न लिहिलेलं एखादं दुखणं पहिल्या रात्री बाहेर येतंच, म्हणून निघताना आई-बाबांना बाजूला घेऊन तोंडीही विचारा.

ताई-दादांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, ओळखीचे असले तरी. बंद दाराआड एकट्या मुलासोबत एकट्या मोठ्या माणसाने थांबायचं नाही, मुलगा असो की मुलगी. आणि मुलाने काही वावगं घडल्याचं सांगितलं तर ते दडपायचा अधिकार आयोजकालाही नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांचा मदत क्रमांक पडवीत मोठ्या अक्षरात लावा, मुलांना दिसेल असा.

प्रमाण: आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा, आणि पाण्यात चार मुलांमागे एक. तेवढी माणसं नसतील तर अर्धी मुलं वाळूत किल्ले बांधतील, अर्धी पाण्यात जातील, मग अदलाबदल.

पहिला दिवस

खेड स्टेशनवर उतरून दापोलीकडे निघालात की वळणांचा रस्ता सुरू होतो, आणि न्याहारीला बटाटेवडे दिले असतील तर ते बाहेर येतात. प्रवासात सुकी भाकरी-चटणी किंवा इडली द्या, आवळासुपारी खिशात ठेवा, ओकारीच्या पिशव्या प्रत्येक बाकाला लावा. उलटी झालेल्या मुलाची थट्टा होऊ देऊ नका. त्याला तेच नाव आठवडाभर चिकटतं.

पोचल्यावर मुलं पहिला प्रश्न विचारतात: ‘समुद्र कुठाय?’ त्यांना लगेच दाखवायला न्या, चपला हातात घेऊन, पाऊल भिजेल एवढंच. नाही नेलं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी आपणहून जाईल. तिथेच वाळूवर बसवून नियम सांगा, खोलीत सांगितलेले नियम किनाऱ्यापर्यंत पोचत नाहीत.

त्याच दिवशी प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक जोडीदार द्या. क्रमांक आठवडाभर बदलायचा नाही. गाडीत चढताना, उतरताना, पाण्यात जाताना, बाहेर आल्यावर, जेवायला बसताना मुलांनी आपापला क्रमांक ओरडून सांगायचा. दिवसातून दहा-बारा वेळा होतं हे. मोठी मुलं कंटाळतात, आवाज बदलून ओरडतात, ओरडू द्या.

पाण्यात

आधी किनारा ओळखा. खाडीच्या मुखाशी कधीही नाही, कारण तिथे ओहोटीचं पाणी बाहेर पडताना माणसाला घेऊन जातं. लाटा एकामागून एक फुटत असतात आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, थोडा गढूळ, लाट न फुटणारा दिसतो. नवख्याला तीच जागा शांत वाटते. मागे ओढणारं पाणी तिथूनच जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर जायचं आणि ओढ संपली की मग आत वळायचं. हे दादांनाही तोंडपाठ हवं.

2016 च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. ती आपल्या मुलांपेक्षा मोठी होती, आणि समुद्र तेव्हा खवळलेलाही नव्हता. नव्या दादांपैकी कुणाला ‘एवढं काय घाबरायचं’ असं वाटत असेल तर त्याला स्वयंपाकघरात मदतीला ठेवा.

प्रत्यक्ष कृती अशी. किनाऱ्याला समांतर जाड दोर धरा, दोन्ही टोकांना पोहणारी मोठी माणसं. शक्य तर गावातला एक कोळी रोज मानधन देऊन सोबत घ्या, कारण त्याला त्या किनाऱ्याचे खड्डे माहीत असतात. दहा वर्षांखालच्यांना गुडघाभर पाणी, बाकीच्यांना कमरेइतकं, आणि दोराच्या पलीकडे कुणी नाही. दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवा. शिट्टी झाली की जोडीदारांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. एखाद्या जोडीचा हात वर आला नाही तर सगळे बाहेर. वीस मिनिटांनी सगळे बाहेर येतातच, क्रमांक ओरडतात, पाणी पितात, मग पुन्हा आत. पाण्याकडे बघणाऱ्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. फोटोवाला वेगळा ठेवा.

आणि वरून कुणी गावकरी ओरडला, ‘ओहोटी लागली, पोरं वर घ्या’, तर घड्याळ बघत बसू नका. आधी मुलं वर, मग चर्चा.

उथळ पाण्यात वाळूखाली कधी पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, पडून असतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घसटत चालायला शिकवा, म्हणजे तो आधीच सरकतो. नांगी लागलीच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी आणि वाळूने चोळणं दोन्ही टाळा.

खडकांवर

मला विचाराल तर शिबिरातला सगळ्यात सुंदर तास हा. चपला नको, बंद बूट हवेत, कारण कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या कापतात. खडकातल्या एका डबक्यापाशी पाच-सहा मुलं बसवा आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यातून लालसर पाय बाहेर येतात. कडेला चिकटलेला तपकिरी गोळा हळूहळू उमलतो, ते समुद्रफूल. बोटाएवढा मासा एका कपारीतून दुसऱ्या कपारीत जातो आणि आता सगळ्यांना तो दिसतो. मुलांना नावं सांगायची घाई करू नका. आधी त्यांना ठेवू द्या, ‘रुसका गोळा’ वगैरे.

उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. प्रवाळ, समुद्री काकडी, समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बादलीत भरून आणणं हा खेळ नाही.

गावातल्या बायका ओहोटीला कालवं काढायला येतात. विचारून, त्यांच्या कामात न लुडबुडता, मुलांना थोडं दुरून बघू द्या. कोयती किती नेमकी पडते ते बघून पोरं गप्प होतात.

हेदवीजवळची बामणघळ दाखवायला न्यायची असेल तर ती भरतीलाच बघण्यासारखी असते. अरुंद घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. लांबूनच बघायची, मुलांचे हात धरून, ओल्या खडकाच्या अलीकडे. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, एवढं एका सहलीत बसतं. लिलाव जोरात चाललेला असताना मधे उभं राहिलात तर शिव्या ऐकाल, आणि ते बरोबरच आहे. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे मेअखेरीस होड्या वर ओढून शाकारायची, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवायची, लगबग सुरू होते. शिबिर उशिराचं असेल तर तेही बघायला मिळतं.

दुपार आणि जेवण

इथलं ऊन आकड्यांत विदर्भाच्या जवळपासही जात नाही. तरी मुलं इथे जास्त गळतात, कारण हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही. साडेअकरा ते साडेतीन सावलीत. पाण्याचा कार्यक्रम मधे आला तर टोप्या आणि अंगभर कपडे घालून. दर तासाला पाणी, मागितलं नाही तरी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवलेलं भांडं रोज ताजं करा. कोकम सरबत आणि पन्हं मुलं आनंदाने पितात, ते चार वाजता.

दुपारच्या कामाला सामान गावातच पडलेलं असतं. नारळाच्या पातीची भिंगरी आणि पिपाणी कुठल्याही वाडीतले आजोबा दोन मिनिटांत शिकवतात. झाप, म्हणजे नारळाच्या झावळीची चटई, विणायला थोडा वेळ लागतो. हातानं कसं सांगायचं ते न कळणाऱ्या ताईने ते शिकवू नये, शेजारच्या काकूंना बोलवावं. फणस फोडणं हा एक पूर्ण दुपारचा कार्यक्रम आहे. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून बसायचं, खाली कागद घालायचे, मोठ्यांनी कापायचा आणि मुलांनी गरे काढायचे. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा, असेल तर सोपं जातं. बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा, असेल तर सगळी पडवी चिकट होते आणि लहानांनी अख्खा गरा गिळायचा नाही यावर लक्ष ठेवावं लागतं.

ओल्या काजूची बी मुलांच्या हाती लागू देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी जळते आणि भाजताना ते उडतं. मुलांना बोंडं द्या, बिया वेगळ्या टोपलीत, उंचावर. आंब्याच्या देठाचा चीकही ओठांच्या कडेला असाच भाजतो. देठ कापून आंबे तासभर पाण्यात घातले की प्रश्न मिटतो.

न्याहारीला घावण्यांचा हट्ट धरू नका. चाळीस मुलांना तीन-तीन घावणे म्हणजे काकूंची सकाळ तव्यापुढेच संपते. मऊ भात, तूप, लोणचं. किंवा तांदळाची उकड, पोहे. शहरातली मुलं पहिल्या दिवशी मऊ भाताकडे संशयाने बघतात, पाण्यातून आल्यावर तीच दुसऱ्यांदा मागतात. दुपारी भात, आमटी, भाजी, सोलकढी. मासे करायचेच तर एक दिवस, सुरमई किंवा तसाच काटे कमी असलेला मासा, आणि शाकाहारी मुलांची पंगत आणि भांडी वेगळी. वाढायचं काम मुलांनी आळीपाळीने करायचं, ताटं आपापली घासायची.

रात्र

घरची आठवण दिवसा येत नाही, तिन्हीसांजेला येते. दिवा लावायच्या वेळेला एखादं मूल एकदम कोपऱ्यात जातं, पोटात दुखतं म्हणतं. त्याला ‘रडू नकोस’ म्हणू नका आणि लगेच आईला फोनही लावून देऊ नका. काम द्या. पाण्याचे पेले मांडायला, कंदिलाची काच पुसायला, पत्रावळी मोजायला. आई-बाबांना ताईने फोन करायचा, रोज, आणि ‘जेवला, झोपला’ एवढं खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी मुलांकडून पोस्टकार्ड लिहून घ्या. ते बहुधा मुलं घरी पोचल्यावरच पोचतं, त्यातही मजा आहे.

पहिल्या दोन रात्री भुताच्या गोष्टी बंद. गावातले काका हौसेने येतात आणि पाण्यातल्या गिऱ्ह्यापासून सुरू करतात. काकांना सांगा, गुरुवारी या. त्याआधी आकाश दाखवा: मेच्या रात्री नऊला उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर असतात, त्यांच्या शेपटाचं वळण पुढे नेलं की स्वाती, त्याच्या पुढे चित्रा. दहाच्या सुमाराला आग्नेयेला वृश्चिक वर येतो.

अंथरूण ओलं करणारी दोन-तीन मुलं प्रत्येक शिबिरात असतात, अकरा वर्षांचीही. सगळ्यांच्याच सतरंजीखाली मेणकापड घाला, म्हणजे कुणाचं वेगळं दिसत नाही. रात्री अकराला ज्याचं त्याचं नाव हळू घेऊन उठवा. सकाळी ओली चादर दिसली तर पहिल्या उजेडात, बाकीचे उठायच्या आत, ताईने गुंडाळून न्यायची आणि त्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. त्या मुलाशीही नाही.

दुखलं-खुपलं, आणि परतीचा दिवस

शिबिराच्या आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन या. सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, रात्री कोण असतं, गाडीने किती वेळ लागतो, विचारून लिहून ठेवा. जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, दगडांच्या आड विंचू. अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. मुलाला झोपवून तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा, निघा. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना हृदयापर्यंत त्रास देऊ शकतो. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि कितीतरी जीव वाचले. पण तो डॉक्टरने द्यायचा. आपलं काम वेळेत पोचवण्याचं.

शेवटच्या दिवशी कपड्यांचा ढीग पडवीत ओता आणि एकेक वस्तू वर धरून विचारा. अर्ध्या मोज्यांना वाली नसतो. मूल ताब्यात देताना फॉर्मवर नाव असलेलीच व्यक्ती, सही घेऊन. ‘मी त्याचा मामा’ चालत नाही, मूल धावत जाऊन बिलगलं तरी. आधी आईला फोन. आणि निघायच्या आधी सगळ्यांच्या पिशव्या तपासा, डबेसुद्धा. कुणीतरी शंख घेतलेला असतोच, आणि बऱ्याचदा त्यात खेकडा जिवंत असतो. तो पाण्यात सोडून या. राहिला तर खेडला पोचेपर्यंत सगळ्या गाडीला कळतं.